वजन कधीपासून वाढू लागले?

आरोग्य संवाद : वाचकांची पत्रे आणि डॉक्टरांची उत्तरे

वजनाविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांत काय खावे आणि काय सोडावे, हे जवळजवळ प्रत्येकाने विचारले आहे. वजन नेमके कधीपासून वाढू लागले आणि त्या सुमारास आयुष्यात काय चालू होते, हे मात्र बहुतेकांनी लिहिलेले नाही, किंवा लिहिले असले तरी जाता जाता, शेवटच्या ओळीत. माझ्या मते उत्तराचा मोठा भाग त्याच ओळीत असतो. ती ओळ ज्यांनी लिहिली, त्यांची काही पत्रे संक्षेपाने देऊन त्यांना सविस्तर उत्तर देत आहे.

प्रश्न : माझे वय ४४. घरात आम्ही सात माणसे आहोत. मी सर्वांच्या शेवटी आणि सर्वांत कमी जेवते, रोज सकाळी अर्धा तास चालते, आठवड्यातून दोन उपवास करते. तरीही सहा वर्षांत माझे वजन ५८ वरून ७१ किलोवर गेले. थायरॉइडची गोळी चालू आहे. घरचे म्हणतात, ही लपून खात असणार. हा आरोप मला सहन होत नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून माझे स्वतःकडे लक्ष नाही, हेही खरे. – गृहिणी, सातारा

उत्तर : आपण लपून खात नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि हे वाक्य आपण घरच्यांना जरूर वाचून दाखवावे. ‘कमी जेवते तरी वाढते’ असे सांगणाऱ्या बाईला खोटे ठरवण्याची रीत आपल्या घरांत आहे, आणि खेदाने लिहावे लागते, काही दवाखान्यांतही आहे.

आधी दोन समजुती बाजूला ठेवू. थायरॉइड ग्रंथी मंदावल्यामुळे वाढणारे वजन सहसा दोन ते साडेचार किलोंपर्यंत असते आणि त्यातला बराचसा भाग चरबीचा नसून अंगात साठलेल्या मीठ-पाण्याचा असतो. आपली गोळी चालू आहे आणि तपासणीत टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारी रक्तातील पातळी) योग्य मर्यादेत येत असेल, तर १३ किलोंचा दोष थायरॉइडच्या माथी मारता येणार नाही. दुसरी समजूत वयाची. चाळिशीनंतर शरीर ऊर्जा जाळेनासे होते, असे आपण सगळे ऐकत आलो आहोत. परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, २९ देशांतील ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांवर आधारलेल्या संशोधनात असे दिसले, की शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो. रजोनिवृत्तीच्या आगेमागे चरबी मांड्यांऐवजी पोटावर साठू लागते आणि स्नायू घटू लागतात, एवढे मात्र खरे आहे, आणि आरशात दिसणारा बदल पुष्कळदा त्यामुळे जास्त जाणवतो.

मग वजन वाढले कशाने? सहा वर्षांत १३ किलो म्हणजे वर्षाला दोन किलोंहून थोडे अधिक. एवढी वाढ व्हायला रोजचा फरक प्रचंड असावा लागत नाही. रोज एक छोटा चमचा जास्तीचे तेल आणि दोन चमचे जास्तीची साखर, एवढ्यानेही तिची सुरुवात होते. आपल्यासारख्या गृहिणीचा दिवस डोळ्यांसमोर आणून पाहावा. पहाटेचा चहा, सासूबाईंसोबतचा चहा, पाहुणा आला म्हणून अर्धा कप, दुपारी उठल्यावर पुन्हा एक. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर चार वेळा मिळून ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी होतात, आणि अर्ध्या तासाच्या चालण्यात साधारण ११० ते १४० कॅलरी खर्च होतात. भाजीतले मीठ बघताना तोंडात टाकलेला घास, मुलाच्या डब्यात परत आलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेला आणि टाकवत नाही म्हणून संपवलेला भात, यांना कोणी जेवण म्हणत नाही. अन्न टाकू नये हा संस्कार आपण निष्ठेने पाळता; पण घरात उरलेले सगळे संपवण्याचे काम एकाच व्यक्तीने करावे, असे त्या संस्कारात कुठेही सांगितलेले नाही.

उपवासाचेही असेच आहे. १०० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात आणि त्या जवळपास सगळ्या पिष्टाच्या असतात. त्यात दाण्याचे कूट आणि तूप पडले, की बशीभर खिचडी ५०० कॅलरींच्या घरात जाते, म्हणजे दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि पालेभाजी यांच्याइतकी किंवा थोडी अधिकच. शिवाय प्रथिने बेताचीच असल्यामुळे दोन तासांत पुन्हा भूक लागते. उपवास सोडावा असे मी म्हणत नाही. तो श्रद्धेचा भाग आहे. उपवासाला भगर, ताक, दही, राजगिरा, एखादे फळ असे चालत असेल तर तसे करावे, आणि वजन घटवण्याचे साधन म्हणून मात्र उपवासाकडे पाहू नये.

याचा अर्थ आपण खोटे बोलता असा होत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली, ‘काही केले तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या दहा स्थूल व्यक्तींचा ऊर्जेचा खर्च काटेकोर पद्धतीने मोजला गेला. त्यांचे शरीर मंद नव्हते. पण प्रत्यक्षात खाल्लेल्या अन्नापैकी जवळपास निम्मे त्यांच्या नोंदीतून सुटलेले होते. त्या व्यक्ती प्रामाणिक होत्या. आहारतज्ज्ञ स्त्रियांनी स्वतःच्या खाण्याच्या ठेवलेल्या नोंदींतही रोज दोनशेहून अधिक कॅलरींची तूट पुढे आढळून आली आहे. उभ्या उभ्या, दुसऱ्याची सेवा करता करता खाल्लेले अन्न माणसाच्या स्मरणात राहत नाही, एवढेच यातून सिद्ध होते.

आता आपल्या पत्राच्या शेवटच्या ओळीकडे येते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि आपले वजन वाढू लागले, या दोन गोष्टी एकाच काळातल्या आहेत. रात्रीतून दोन-तीनदा उठणे, स्वतःचे जेवण चार वाजेपर्यंत लांबणे, दिवसभरात निवांत बसून घेतलेला एकही घास नसणे, मनातला ताण कोणाला सांगता न येणे, या सगळ्याची किंमत आपले शरीर चुकवत आहे. म्हणून आपल्याला पहिला सल्ला आहाराचा नाही. रात्रीची पाळी घरातल्या दुसऱ्या माणसाने आठवड्यातून किमान तीन दिवस घ्यावी. आपल्या यजमानांना मी या सदरातून कळकळीची विनंती करते, की पत्नीच्या ताटात डोकावण्याऐवजी त्यांनी आपल्या आईच्या उशाशी बसावे. दुसरे, आपण सर्वांबरोबर पंगतीला बसावे, शेवटी नव्हे. त्या ताटात वरण, उसळ, दही किंवा अंडे यांपैकी काहीतरी दोन्ही वेळेला असावे. साखर एकदम बंद न करता चहाचे कप चारावरून दोनवर आणावेत. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे असे स्नायूंचे व्यायाम करावेत. वर्षभरात चार-पाच किलो उतरले, तरी ते मोठे यश समजावे.

प्रश्न : वय २९. हिंजवडीतील एका कंपनीत अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी करतो. दोन वर्षांपूर्वी भात-पोळी बंद करून, दोन वेळा सॅलड आणि शेक घेऊन पाच महिन्यांत १७ किलो कमी केले. पुढच्या दीड वर्षात २१ किलो परत आले. माझ्यात इच्छाशक्ती नाही, असे आता मलाच वाटू लागले आहे. वजन पहिल्यांदा वाढले ते ही नोकरी लागल्यावर. – संगणक अभियंता, पुणे

उत्तर : पाच महिने अर्धपोटी राहून १७ किलो उतरवणाऱ्या तरुणाकडे इच्छाशक्ती नाही, हे मला मान्य नाही. आपल्या बाबतीत जे घडले, ते शरीराच्या स्वभावाला धरून घडले. दुष्काळ आणि उपासमार यांत तग धरत आलेले आपले शरीर वजनातली मोठी घट संकट समजते आणि गेलेले परत मिळवण्यासाठी अनेक बाजूंनी कामाला लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्ध्या आहारावर ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले आणि हृदयाचे ठोके मंदावले. मनात रात्रंदिवस अन्नाखेरीज विषय राहिला नाही. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पुन्हा पोटभर अन्न मिळाल्यावर त्यांतील काही जण पोट भरल्यानंतरही खात राहिले, आणि चरबी पूर्वीपेक्षा जास्त साठली. ते सगळे निवडून घेतलेले, मनाने खंबीर तरुण होते. अलीकडच्या काळात, २०११ साली, ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ५० जणांचे वजन दहा आठवड्यांच्या कडक आहाराने उतरवले आणि वर्षभराने त्यांचे रक्त तपासले. पोट भरल्याची खबर मेंदूला देणारे लेप्टिन तेव्हाही कमीच होते आणि भूक चाळवणारे घ्रेलिन वाढलेलेच होते. दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेत झपाट्याने वजन उतरवलेल्या १४ स्पर्धकांची अमेरिकेत सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते. आपण पाच महिन्यांनी आहार सोडलात, तेव्हा आपल्याला लागलेली भूक खरी होती.

घाईने वजन उतरवताना आणखी एक नुकसान होते. चरबीसोबत स्नायू जातात. वजन परत येते तेव्हा मात्र आधी चरबी येते. दर खेपेला शरीर थोडे अधिक चरबीचे आणि थोडे कमी ताकदीचे होत जाते. म्हणून अशी दुसरी मोहीम आपण हाती घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता नोकरीविषयी. पहाटे तीनला फाटकाबाहेरच्या गाडीवर भुर्जी-पाव आणि चहा, सकाळी सातला घरी, त्यानंतर शेजारचे बांधकाम आणि दारावरची बेल यांच्या आवाजात चार-पाच तासांची तुकड्यांतली झोप, असाच आपला दिनक्रम असावा असे पत्रावरून दिसते. अपुरी झोप ही वजनवाढीची स्वतंत्र वाट आहे. शिकागोत २०२२ साली, साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या जादा वजनाच्या ८० व्यक्तींपैकी काहींना झोप वाढवण्यापुरते मार्गदर्शन दिले, आहाराविषयी एक शब्दही सांगितला नाही. त्यांची झोप सरासरी सव्वा तासाने वाढली आणि त्यांनी दिवसाला सुमारे २७० कॅलरी आपोआप कमी घेतल्या. आपल्याला आहारतक्त्याआधी काळे जाड पडदे, बंद केलेली बेल आणि घरच्यांनी पाळलेली शांतता यांची गरज आहे. सकाळी उन्हात दुचाकीवरून परतताना गडद चष्मा घालावा, म्हणजे झोप लवकर येईल. मुख्य जेवण पाळीवर निघण्यापूर्वी घरी घ्यावे आणि पोळी-भाजी-उसळ असा डबा मध्यरात्रीच्या आत संपवावा; पहाटे भूक लागलीच तर फुटाणे, ताक, उकडलेली अंडी जवळ ठेवावीत. भात-पोळी बंद करण्याची गरज नाही. आयुष्यभर जे करणे शक्य नाही, ते पाच महिने करून काही हाती लागत नाही, हे आपण अनुभवले आहेच. वर्ष-दोन वर्षांत दिवसपाळी मिळण्यासारखी असेल, तर पगारातला थोडा फरक सोसूनही ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझ्या २४ वर्षांच्या मुलीला मानसिक आजारासाठी दहा महिन्यांपासून ओलान्झापिन चालू आहे. आजार आटोक्यात आला, पण वजन १४ किलोंनी वाढले. ती गोळी बंद करा म्हणून हट्ट धरते. – एक वडील, नांदेड

उत्तर : गोळी आपल्या मनाने बंद करू नये, आजार उलटला तर तो पहिल्यापेक्षा कठीण होऊ शकतो. परंतु मुलीची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि तिला कोणीही ‘खाण्यावर ताबा ठेव’ असे सुनावू नये. या औषधाने भूक अतोनात वाढते, पोट भरल्याचे समजत नाही, आणि वाढ बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते. मानसोपचारतज्ज्ञांना भेटून तीन गोष्टी विचाराव्यात : वजन कमी वाढवणारे दुसरे औषध तिला चालेल का, सोबत मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध देता येईल का, आणि रक्तातील साखर व चरबी यांची तपासणी केव्हा करायची.

अन्य वाचकांसाठी एवढे सांगते, की दीर्घकाळ घेतलेली प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स, इन्सुलिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन ही मधुमेहावरील औषधे, अॅमिट्रिप्टिलिन आणि मिर्टाझापिन ही नैराश्यावरील औषधे, आकडीवरील व्हॅल्प्रोएट, तसेच रक्तदाबावरील प्रोप्रानोलोल यांनीही वजन वाढू शकते. वजन वाढू लागल्याची तारीख आणि औषध सुरू झाल्याची तारीख शेजारी शेजारी लिहून ती डॉक्टरांना दाखवावी.

प्रश्न : माझी उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. कोणी मला जाड म्हणणार नाही, पण पोट सुटले आहे, कंबर ९६ सेंटिमीटर आहे आणि मधुमेह निघाला. हातपाय काटकुळे आहेत. जन्म १९७३ चा. आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, असे ती सांगे. – शिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपण आईची आठवण लिहिलीत, हे फार चांगले केले. आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २२.७ येतो, म्हणजे काट्यावर आपण निर्दोष ठरता. पण काटा चरबी कुठे साठली आहे हे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी प्रा. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता, पण मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी निघाली. २००४ साली ही तुलना ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्या दोघांच्या छायाचित्रासह छापून आली होती.

याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला आहे. तेथील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील बाळांपेक्षा कितीतरी हलकी होती. स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास राखलेली. आईच्या पोटात अन्न कमी पडले, की बाळाचे शरीर स्नायूंवर काटकसर करते आणि चरबी जपते. हॉलंडमधील १९४४-४५ च्या हिवाळ्यातील उपासमारीच्या वेळी गर्भावस्थेच्या पूर्वार्धात असलेल्या मुलग्यांमध्ये, १९ व्या वर्षी सैन्यभरतीच्या तपासणीत, स्थूलतेचे प्रमाण जास्त आढळले होते. आपल्या आईने १९७२-७३ च्या दुष्काळात मदत म्हणून मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढत केलेले कष्ट आपल्या शरीराच्या घडणीत उतरले असणे अगदी शक्य आहे. एका व्यक्तीबाबत ते सिद्ध करता येत नाही, परंतु स्वतःला दोष देणे थांबवण्यास एवढे पुरेसे आहे.

आपल्यासारख्या भारतीयांसाठी म्हणूनच मर्यादा वेगळ्या ठेवल्या आहेत : बीएमआय २३ पासून पुढे जादा वजन, २५ पासून स्थूलता, कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत. आपण काट्यावरची नजर काढून टेपकडे वळवावी. जेवण कमी करण्यापेक्षा स्नायू वाढवणे आपल्यासाठी अधिक मोलाचे आहे : बैठका, सूर्यनमस्कार, वजन उचलणे, आणि ताटात डाळी, मटकी, दूध, अंडी. चेन्नईच्या संशोधकांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहार आणि चालण्याच्या सवयींत बदल केलेल्यांना मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले, आणि तेही वजनात लक्षणीय घट न होता. आपल्याला मधुमेह झालेला आहे, तरीही शरीर काट्यावर न दिसणारे बदल घडवते, याचा हा पुरावा आहे.

प्रश्न : नाव आणि गाव छापू नये. वय ३६. दिवसभर नीट राहते; घर झोपले की स्वयंपाकघरात जाते आणि डबेच्या डबे संपवते, भूक नसतानाही. नंतर रडते. दोनदा वजन बरेच कमी केले. लोक ‘किती छान दिसतेस’ म्हणू लागले की मला भीती वाटते आणि मी पुन्हा खायला लागते. लहानपणी एका नातेवाइकाने माझ्याशी वाईट वर्तन केले होते. हे मी कोणालाच सांगितलेले नाही. – एक वाचक

उत्तर : आपण हे लिहिलेत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. लहानपणी जे घडले त्यात आपला तिळमात्र दोष नव्हता, आणि रात्री जे घडते ते खादाडपणा नव्हे.

आपल्यासारखा अनुभव वैद्यकशास्त्राला नवा नाही. अमेरिकेत सॅन दिएगो येथे १९८० च्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन घटवण्याचे केंद्र चालवत होते. ज्यांचे वजन उत्तम उतरत होते, तेच लोक मध्येच केंद्र सोडून जात, हे पाहून ते चक्रावले. एकेकाला शांतपणे विचारल्यावर कळले, की त्यांपैकी अनेकांवर बालपणी लैंगिक अत्याचार झाला होता. लठ्ठ असल्यावर लोकांची नजर वळत नाही, म्हणून ते शरीर त्यांना सुरक्षित वाटत होते. वजन उतरले की तो आडोसा जाई. पुढे १७,००० हून अधिक प्रौढांची माहिती घेऊन झालेल्या आणि १९९८ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या अभ्यासात, बालपणीच्या आघातांचा पुढील आयुष्यातील अनेक आजारांशी आणि तीव्र स्थूलतेशीही संबंध दिसून आला. आपल्याला वाटणारी भीती अशी अर्थपूर्ण आहे. इतकी वर्षे तिने आपल्याला सांभाळले आहे.

म्हणून आपल्याला सध्या वजन उतरवण्याचा सल्ला मी देणार नाही. आधी मनावरचे ओझे उतरायला हवे. भूक नसताना, ताबा सुटल्यासारखे, एकांतात भराभर खाणे आणि नंतर अपराधी वाटणे, हे वारंवार होत असेल तर तो उपचार होऊ शकणारा आजार आहे. २०१३ पासून मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. विचार आणि वर्तन यांवर काम करणारे समुपदेशन त्यावर गुणकारी ठरते. बालपणीच्या आघातांवर काम करण्याचा अनुभव असलेल्या मानसोपचारतज्ज्ञ स्त्रीकडे जाणे उत्तम. लगेच कोणाशी बोलावेसे वाटले, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. सगळे एकदम सांगावे लागत नाही. ‘रात्री खाण्यावर माझा ताबा राहत नाही’ एवढ्या वाक्याने सुरुवात केली तरी चालते.

तोपर्यंत एकच गोष्ट करावी. ‘दिवसभर नीट राहते’ याचा अर्थ दिवसभर अर्धपोटी राहते असा असेल, तर ते थांबवावे. न्याहारी, दुपारचे जेवण, संध्याकाळचे खाणे आणि रात्रीचे जेवण ठरल्या वेळी, पोटभर घ्यावे, अगदी आदल्या रात्री कितीही खाल्ले असले तरी. दिवसाची उपासमार रात्रीच्या झटक्याला बळ देते. वजनकाटा काही महिने कपाटाच्या वर ठेवावा. आणि कोणी ‘छान दिसतेस’ म्हणाले, तर त्यावर काही उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक विनंती. कोणाचेही वजन वाढले किंवा उतरले, तरी त्यावर भर समारंभात बोलू नये. वजनावरून हिणवल्या गेलेल्या माणसांचे वजन पुढे वाढण्याचीच शक्यता अधिक असते, हे मोठ्या गटांवरील अभ्यासांत दिसून आले आहे.

प्रश्न : वय २७, उंची १६० सेंटिमीटर, वजन ६६ किलो. पदवीच्या परीक्षांच्या काळात वाढलेले वजन तसेच राहिले. चार महिन्यांनी लग्न आहे. होणाऱ्या सासरकडून ‘थोडी बारीक हो’ असा निरोप आला आहे. वजन घटवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन घ्यावे का? – एक तरुणी, नाशिक

उत्तर : हे इंजेक्शन आपल्यासाठी नाही. सेमाग्लुटाइडसारखी औषधे साधारणपणे ३० च्या वर बीएमआय असलेल्यांना, किंवा २७ च्या वर असून मधुमेह, उच्च रक्तदाब असे आजार जडलेल्यांना दिली जातात; आपला बीएमआय २५.८ आहे. ज्यांना त्यांची गरज आहे, त्यांच्यासाठी ही औषधे मोठाच आधार आहेत आणि ती घेणाऱ्यांना कोणी आळशी म्हणू नये. २०२१ च्या प्रमुख चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन-तृतीयांश परत आले. ही दीर्घकाळ घ्यायची औषधे आहेत, मुहूर्त गाठण्यासाठी नव्हेत. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास सुरुवातीला बऱ्याच जणांना होतात, आणि स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यांनी किंवा घराण्यात थायरॉइडचा विशिष्ट प्रकारचा कर्करोग असलेल्यांनी डॉक्टरांना तसे आधी सांगावेच लागते.

आपल्या आरोग्यासाठी तीन-चार किलो उतरवावेसे आपल्याला वाटत असेल, तर पहिल्या दोन उत्तरांत लिहिलेले उपाय आपल्यालाही लागू आहेत. मासिक पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर जास्त केस येत असतील, तर पीसीओएस या अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित विकाराची तपासणी करून घ्यावी. ते कारण निघाले तर उपचारांची दिशा बदलते. सासरच्या निरोपाविषयी आपल्या नियोजित पतीशी आताच, लग्नाआधी मोकळेपणाने बोलावे. आणि एवढे सगळे वाचूनही कोणाच्या सांगण्यावरून आपण हे औषध सुरू केलेच, तर बाळाचा विचार करण्याच्या किमान दोन महिने आधी ते बंद करायचे असते, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून वेळीच ठरवावे.